दांडेकरांचे अर्थशास्त्र आणि आपला दुष्काळी पट्टा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रा. वि. म. दांडेकर यांच्या धोरणविषयक कामाचा परिचय दिला होता. पुण्याच्या गोखले संस्थेचे अनेक वर्षे संचालक राहिलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने दारिद्र्य, रोजगार, प्रादेशिक असमतोल आणि पीकविमा या विषयांवर प्रत्यक्ष कारभारात वापरता येईल असा विचार मांडला, हा त्या लेखाचा मुख्य मुद्दा होता. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : रोजगार हमी योजना आमच्या जिल्ह्यातील वि. स. पागे यांनी आणली, असे आम्ही मुलांना शिकवतो. आपल्या लेखात तिचा संबंध दांडेकर आणि रथ यांच्या अभ्यासाशी जोडलेला दिसला. यांपैकी काय खरे? आणि देशाचे उत्पन्न वाढले की ते आपोआप तळापर्यंत झिरपते, या समजुतीबद्दल त्यांचे मत काय होते? (शिक्षक, आटपाडी)

मुलांना शिकवता तेच बरोबर आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या माणसाला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानले तर काय होईल, याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात सुरू झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा पुस्तकातून योजना जन्मली असे कालक्रमानेही म्हणता येत नाही. पागे गावातल्या अनुभवावरून आणि हे दोन अर्थशास्त्रज्ञ देशभरच्या आकडेवारीवरून, स्वतंत्रपणे, एकाच निष्कर्षाला पोहोचले, आणि त्या निष्कर्षाचे बळ मला यातच दिसते.

आता झिरपण्याविषयी. दांडेकर आणि रथ यांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला : माणसाला दिवसाला सुमारे २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न परवडण्यासाठी एकूण खर्च किती करता यावा लागतो? १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, हे त्यांचे उत्तर होते. नमुना पाहणीच्या आकड्यांवरून त्यांना आढळले की ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोकांना एवढाही खर्च करता येत नाही. पण त्या अभ्यासाचा खरा गाभा पुढेच आहे. साठच्या दशकात देशाचे उत्पन्न वाढले होते, आणि ती वाढ मुख्यतः वरच्या आणि मध्यम थरांत राहिली. ग्रामीण भागातील सर्वांत गरीब वीस टक्के लोकांची स्थिती जवळपास जागच्या जागी होती, तर शहरांतील सर्वांत गरीब वीस टक्क्यांची स्थिती स्पष्टपणे खालावली होती. वाढ झाली म्हणजे वाटणी झाली असे नव्हे, हे त्यांनी त्या काळी आकड्यांनी दाखवून दिले, आणि या निष्कर्षाला पुरेसा प्रतिवाद अजूनही माझ्या वाचनात आलेला नाही.

त्यांचा उपायही तितकाच परखड होता. जमिनीचे फेरवाटप केले तरी सर्वांना पुरेल एवढी जमीन नाही, म्हणून ज्याच्याकडे श्रमाखेरीज दुसरे काही नाही त्याला किमान वेतनावर कामाची शाश्वती द्यावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा सर्वांत वरच्या थरातील लोकांचा उपभोग कमी करून उभा करावा, असे त्यांनी मांडले. गरिबांविषयी कळवळा व्यक्त करणारे पुष्कळ असतात. त्यासाठी कोणाच्या खर्चाला कात्री लावायची हे स्पष्ट सांगणारे अर्थशास्त्रज्ञ थोडे, आणि म्हणून मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

महाराष्ट्राने नेमके हेच करून पाहिले. १ मे १९७२ पासून योजना राज्यभर लागू झाली. त्यानंतरच्या दुष्काळात सारा भर टंचाईच्या कामांवर गेला. मात्र १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि रोजगार हमीसाठी उत्पन्नाचा स्वतंत्र मार्ग मिळाला. शिक्षक म्हणून आपल्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर या हेतूने सुरू झाला होता, हे मुलांना अवश्य सांगावे. शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्या पैशातून खेड्यातील मजुराच्या कामाची हमी, अशी ही रचना होती. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणे हा कायदेशीर हक्क झाला. केंद्राने २००५ मध्ये कायदा करून प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, तेव्हा महाराष्ट्राचा तीन दशकांहून अधिक काळचा अनुभव समोर होता.

उणिवा लपवण्याचे कारण नाही. पाझर तलाव झाला, नालाबांध झाला, तर विहिरीचे पाणी वाढते ते ज्याचे शेत खाली असेल त्याचे. ज्याने माती वाहिली त्याला मजुरी मिळाली आणि तेथेच त्याचा संबंध संपला. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत योजनेचा पैसा पोहोचला. आपल्या आटपाडी आणि जत तालुक्यांतील डाळिंबाकडे पाहिले की या निर्णयाचे महत्त्व कळते. भूमिहीनाला मात्र तेथेही खड्डे खणण्याची मजुरीच मिळाली. श्रमातून निर्माण झालेल्या मालमत्तेत श्रमिकाचा वाटा कसा राहील, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या वेळी भूमिहीनांनाही पाण्याचा हिस्सा द्यावा अशी मागणी लोकांनी केली, तो विचार मला या दिशेने सर्वांत पुढे गेलेला वाटतो.

प्रश्न : सातारा जिल्हा विकसित गणला जातो. माण आणि खटावकडील माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबत आली. अनुशेषाच्या चर्चेत आमचे नाव कधीच का येत नाही? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

याचे उत्तर मोजमापाच्या एककात आहे. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, तिच्याखाली जो जिल्हा जितका असेल तितका त्याचा अनुशेष मानायचा, आणि तो भरून काढण्यास किती पैसा लागेल हे ठरवायचे, अशी पद्धत होती. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. तोवर भावनेच्या आणि राजकारणाच्या भाषेत चाललेल्या वादाला या समितीने मोजता येईल असे रूप दिले, ही तिची मोठी कामगिरी आहे. विदर्भ आणि मराठवाड्याबाहेरील उर्वरित महाराष्ट्राचा वाटाही त्यात एक तृतीयांशाहून अधिक होता, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही.

परंतु एकक जिल्हा होते. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. कराड परिसरातील कृष्णाकाठचा ऊस आणि म्हसवडचे माळरान यांची बेरीज करून काढलेली सरासरी दोन्हींपैकी कोणाचेच वर्णन करत नाही. सांगलीतही वाळवा, पलूस एकीकडे आणि जत, कवठेमहांकाळ दुसरीकडे, हीच स्थिती आहे. म्हणून जिल्ह्याच्या आकड्यात माण दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी निधीही मागता येत नाही. याच असमतोलाचा पुढे अभ्यास करणाऱ्या केळकर समितीच्या २०१३ च्या अहवालात तालुका पातळीवरून विचार झाला, तो याच कारणाने योग्य होता. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे गेले त्यामागेही जिल्ह्याची सरासरी नव्हती. त्या त्या तालुक्यांतील लोकांनी वर्षानुवर्षे भरवलेल्या पाणी परिषदांचा आणि मोर्चांचा रेटा होता. आपल्यासारख्या जाणकार नागरिकांनी जिल्हा नियोजनाच्या चर्चेत प्रत्येक आकडा तालुकानिहाय मागावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : सहकारी साखर कारखानदारीने समन्यायी वाढीचे काम केले, असे आमच्या भागात मानतात. हे कितपत खरे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाळवा तालुका)

अर्धे खरे आहे. प्रवरानगरच्या कारखान्याला विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाची साथ मिळाली आणि प्रक्रिया उद्योगाचा नफा ऊस पिकवणाऱ्याच्या हाती राहू शकतो हे सिद्ध झाले. मात्र सभासद होण्यासाठी ऊस हवा, उसासाठी जमीन आणि पाणी दोन्ही हवे. फडात कोयता घेऊन उतरणारे तोडणी कामगार सभासद नसतात.

प्रश्न : माझ्या बागेचे नुकसान झाले तरी महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) हवामान केंद्राच्या नोंदीवरूनच विम्याची भरपाई ठरते. प्रत्येकाची बाग स्वतंत्रपणे का पाहत नाहीत? (द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

ही पद्धतही दांडेकरांच्याच विचारातून पुढे आली आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मांडले की लाखो लहान शेतकऱ्यांचे नुकसान एकेकाचे तपासत बसल्यास तपासणीचा खर्च विम्याच्या हप्त्यालाही झेपणार नाही, आणि निष्काळजी व दक्ष शेतकरी यांतील फरक विमा देणाऱ्याला कळणार नाही. त्याऐवजी एका क्षेत्रातील सरासरी उत्पादन पीककापणी प्रयोगांनी काढावे, ते ठरावीक पातळीखाली गेले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना समान दराने भरपाई द्यावी. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना आणि त्यानंतरच्या योजना याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. फळपिकांसाठी उत्पादनाच्या जागी पाऊस, तापमान यांची नोंद धरली जाते.

आपली तक्रार तरीही रास्त आहे. दांडेकरांच्या मांडणीत क्षेत्र एकजिनसी असले पाहिजे ही मूळ अट होती : तेथील पाऊस, जमीन आणि धोका सारखा असावा. अवकाळी पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते, तेव्हा संपूर्ण महसूल मंडळासाठी एकाच केंद्राची नोंद धरणे ही त्या अटीची पायमल्ली आहे. प्रत्येक बागेचा स्वतंत्र पंचनामा ही मागणी मान्य होणे अवघड आहे, आणि झाली तरी हप्ता परवडणार नाही. गावनिहाय स्वयंचलित हवामान केंद्र ही मागणी मात्र व्यवहार्य आहे, आणि ती आपण बागायतदार संघटनेमार्फत कृषी विभागाकडे लेखी करावी. सोबत मागील काही हंगामांतील आपल्या गावातील पावसाच्या नोंदी आणि मंडळ केंद्राच्या नोंदी यांतील तफावत तारखांसह जोडल्यास मागणीला वजन येईल.