पहिल्या वर्षाच्या मुलांना 'घर' या विषयावर लिहायला कसं शिकवायचं?

तुम्ही विचारलंय की बीएच्या पहिल्या वर्षाला 'घर' टॉपिक दिला की सगळी पोरं 'माझे घर लहान पण सुंदर' छापाचं लिहून देतात, काय करायचं. मी बेळगावात मराठी शिकवतो, वर्गातली निम्मी पोरं खानापूर भागातून बसने येतात, आणि माझंही पहिली दोन वर्षं हेच झालं, सगळं दहावीच्या गाईडातलं.

आता मी 'घर' असं सांगतच नाही. घरातली एकच जागा घ्या, सोपा म्हणजे पुढची ओसरी म्हणा, न्हाणी म्हणा, मागचं परडं म्हणा, आणि तिथे सकाळी सहा ते सात काय चालतं ते एक पानभर लिहा, बस. सुंदर, प्रेमळ, मायेचं हे शब्द बंद. आणि पहिल्या ड्राफ्टात १९५६ पण बंद! हसू नका, आमच्याकडे घर म्हटलं की तिसऱ्या वाक्याला राज्य पुनर्रचना येते, बेळगाव कर्नाटकाकडे कसं गेलं ते, आणि पुढे १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचं भाषण. दुखणं खरं आहे हो, पण चाळीस पेपर एकसारखे, पोराचं स्वतःचं त्यात काहीच नाही.

एकाने सोप्यातल्या तारेबद्दल लिहिलं. तारेत ओवलेली हेस्कॉमची, म्हणजे इकडच्या वीज कंपनीची, लाईट बिलं, सगळी कन्नडमध्ये, आजी नुसता आकडा बघते आणि हाक मारते, 'ह्यात काय लिवलंय बघ रे'. मी बाजूला एवढंच लिहिलं, तू शाळेत जायच्या आधी कोण वाचायचं? तो घरी विचारून आला, तर शेजारच्या कन्नड अक्का वाचून दाखवायच्या, आणि आजी त्यांच्याकडे आंबोळ्या पाठवायची. दुसरा ड्राफ्ट तीन पानी आला आणि सीमाप्रश्न त्यात आपसूक आला, कुणी ओढून न आणता.

एक चूक मात्र माझी. सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावायचो, एकदा एक मुलगी उठून बाहेरच गेली. ऑगस्ट २०१९ च्या पावसात त्यांची मातीची भिंत बसली होती, तेव्हापासून सगळे मामाकडे. आता वाचणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि घर नको असेल तर हॉस्टेलची खोली, बसस्टँडचा बाकडा, काहीही चालतं.

तपासायला वेळ लई जातो म्हणाल, तर पहिल्या ड्राफ्टात मी ऱ्हस्व-दीर्घाला हातच लावत नाही, प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून परत देतो. चुका दुसऱ्या वेळी.