सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय. घ्यावं का? दुसरे पर्याय कोणते?

मी डॉक्टर नाही, १४ वर्षांचा मुरलेला पेशंट आहे. कोपरं, गुडघे, डोकं. खपल्या उठून दिसतात म्हणून काळा शर्ट घालणं कधीच सोडलं.

मेथोट्रेक्सेट मी ४ वर्षं घेतलं, चट्टे बरेच बसले. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. माझ्या पहिल्याच पाकिटावर मेडिकलवाल्याने सवयीने 'रोज १' लिहिलं होतं. बायकोने चिठ्ठीशी ताडून पाहिलं म्हणून वाचलो. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी बनणं थांबतं, माणसं दगावलीही आहेत. माझा वार रविवार. गोळी घेतली की कालनिर्णयवर लाल फुली. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी. ठरलेल्या वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी चुकवायची नाही. दारू बंद. घरात मूल हवं असेल तर, पुरुष असलात तरी, आधी डॉक्टरांशी बोला.

चट्टे मोजकेच असतील तर बहुतेकदा गोळीची गरज नसते, कॅल्सिपोट्रिऑल आणि स्टिरॉइडच्या मलमांवर भागतं. फक्त क्लोबेटासॉल हे जोरदार स्टिरॉइड मलम मनाने महिनोन्‌महिने चोळू नका, कातडी पातळ होते. नॅरोबँड यूव्हीबीचा (ठरावीक अतिनील किरणांचा) शेक मला मानवला होता, पण आठवड्यातून ३ दिवस गॉगल लावून त्या दिव्यांच्या कपाटात उभं राहायला रजा कोण देणार? ॲप्रेमिलास्ट या गोळीला लिव्हरची तेवढी धास्ती नाही. डोस १० मिग्रॅपासून चढवतात, तरी सुरुवातीला जुलाब होतात. सेक्युकिनुमॅबसारखी इंजेक्शनं जोरदार आहेत आणि खिशालाही तशीच. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात.

मधे एकाच्या 'हमखास' पुड्याही खाऊन झाल्या. आठ दिवसांत अंग लख्ख! बंद केल्यावर पाठ-पोटासकट दुपटीने उमटलं. त्यात स्टिरॉइड असावं, असं आमचे स्किनचे डॉक्टर म्हणाले. पोटातलं स्टिरॉइड थांबलं की सोरायसिस असाच उसळतो.

सोरायसिस सांध्यांनाही धरू शकतो, पण तुम्ही सांध्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? टाच दुखते का? तसं असेल तर पुढच्या भेटीत आधी तेच सांगा. मलमाने सांधे सुधारत नाहीत, औषधाची निवडच बदलते.