किरणोत्सव, किरणोत्सर्ग आणि बैलगाडीचं चाक

शिवाजी पेठेतल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी क्ष-किरण तंत्रज्ञाचं शिक्षण घेते. तिला छातीवर लावायला एक बॅज मिळाला आहे. "अंगात किती किरणोत्सर्ग गेला ते यावर कळतं, असं ती सांगते. मग याला किरणोत्सर्गमापक म्हणावं का? आणि डोसला मराठीत काय म्हणायचं?"

अंगात किरणोत्सर्ग जात नाही! आधी हे स्पष्ट करतो, कारण हा प्रयोग रोज कुठे ना कुठे वाचून मी वैतागलो आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणं. मलोत्सर्गातला तोच हा उत्सर्ग, आणि गणपतीच्या विसर्जनातही सृज् हाच धातू आहे. युरेनियम, रेडियम, कोबाल्ट-६० यांचं अणुकेंद्र आपसूक किरण सोडत राहतं, त्या क्रियेला किरणोत्सर्ग म्हणायचं. उसावर फवारणी करताना औषध अंगावर उडतं, 'फवारणी अंगावर उडाली' असं कुणी म्हणत नाही. इथेही तसंच आहे.

एक्स-रेच्या यंत्रात तर ही क्रियाही घडत नाही. तिथे एका नळीत इलेक्ट्रॉन वेगाने टंगस्टनवर आदळवतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. बटण बंद केलं की संपलं, मागे काही उरत नाही. तरी आमच्या भागातल्या एका तपासणी केंद्राच्या दारावर मी 'किरणोत्सर्ग चालू आहे' अशी पाटी पाहिली. तिथेच एक आजी छातीचा फोटो काढून बाहेर आल्या आणि धावत आलेल्या नातवाला त्यांनी दूर लोटलं, "मला ते लागलंय, जवळ येऊ नको." चुकीच्या शब्दाने काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. फोटो काढलेला माणूस किरण सोडत नाही. थायरॉइडच्या उपचारात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटात घेतलेला माणूस मात्र सोडतो. त्या आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं असतं, म्हणजे तेवढ्या दिवसांत ते निम्मं होतं, म्हणून डॉक्टर त्याला काही दिवस लेकराबाळांपासून लांब राहायला सांगतात. त्याच्या बाबतीत किरणोत्सर्ग हा शब्द अगदी बरोबर आहे.

कोल्हापुरात आणखी एक घोटाळा होतो. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि एकेका दिवसाने देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. तो किरणोत्सव. लोक घाईत त्यालाही किरणोत्सर्ग म्हणून जातात. दोन्हींत किरण आणि 'उत्' सोडलं तर सामाईक काही नाही. (राँटगेनला क्ष-किरण दिसले ते ८ नोव्हेंबर १८९५ला, आपल्या किरणोत्सवाच्या आदल्या तारखेला. योगायोगच, पण मला लक्षात ठेवायला आवडतो.)

मग यंत्रातून निघून अंगात जातं त्याला म्हणायचं काय? काही मंडळी विकिरण सुचवतात. हिंदीत तो रुळला आहे, लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून त्यावर किरण सोडतात, त्यामुळे आपल्याकडेही ऐकू येतो. पण विकीर्ण म्हणजे विखुरलेलं. क्ष-किरण खोलीतल्या कर्मचाऱ्याला जे किरण लागतात ते बहुतेक रुग्णाच्या अंगावर आपटून विखुरलेलेच असतात. सरळ येणाऱ्यालाही विकिरण आणि विखुरलेल्यालाही विकिरण म्हटलं, तर त्या मुलीला शिकवणार कसं?

इंग्रजीत ज्याला रेडिएशन म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: प्रारण. ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो तो हाच.

रेडिएशनच्या मुळाशी लॅटिन 'राडिउस' आहे. राडिउस म्हणजे चाकाचा आरा. चाकाच्या मधल्या तुंब्यातून निघून बाहेरच्या धावेपर्यंत जाणारी लाकडी दांडी! त्यावरून किरण, त्यावरून रेडियम, रेडिओ, सगळं गोत. आणि आरा हा संस्कृत 'अर', ऋग्वेदातसुद्धा चाकाची धाव आऱ्यांना वेढून असते अशी उपमा आहे. माझं ठाम मत असं की प्रारणात हाच अर बसला आहे. प्र म्हणजे पुढे, बाहेर. मधल्या तुंब्यापासून चहूकडे आऱ्यांसारखं निघतं ते प्रारण. कागलजवळ आजोळी मी सुताराला चाक भरताना पाहिलं आहे. शेणीच्या जाळात लाल केलेली धाव चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं, की सगळे आरे एकदम आवळून बसत. ज्याने ते पाहिलंय त्याला प्रारण शब्द समजावून सांगावा लागत नाही.

एका नामवंत कोशकारांनी मला व्याख्यानानंतर ऐकवलं, की ही कविकल्पना आहे. ऋ म्हणजे जाणे, त्यापासून अरण, प्र लावला की प्रारण, 'पुढे जाणं' एवढाच अर्थ. ठीक. पण परंपरेने अर हा शब्दही ऋ धातूपासूनच लावतात, म्हणजे त्यांची वाट माझ्याच चाकापाशी येते. शिवाय शाळेच्या जीवशास्त्रात तारामाशाच्या शरीराला 'अरीय सममिती' म्हणतात, ते कशावरून? परिभाषा घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आरा होताच. आणि कोशकारांनी एकदा एक्स-रे खोलीच्या दारावरचं चिन्हही पाहावं. १९४६ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. मध्ये गोल ठिपका, भोवती तीन पाती. तुंबा आणि आरे!

आपल्या बायाबापड्या मात्र कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचाराला 'शेक' म्हणतात. "पंचवीस शेक झाले." कातडी लाल होते, काळवंडते, त्यावरून तो आला असावा. शब्द मायेचा आहे, पण ऊब तिथे नाही. पूर्ण अंगावर एकदम सुमारे ४ ग्रे प्रारण पडलं आणि उपचार मिळाला नाही, तर निम्मी माणसं दगावतात. ४ ग्रे म्हणजे किलोमागे ४ ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकं वाढेल, चहाचा घोट त्याहून जास्त तापवतो. इजा होते ती पेशीतल्या डीएनएचे धागे तुटल्याने. लासलगावचा कांदा ६० ग्रेच्या आसपास घेतो आणि त्याला फक्त कोंब येत नाही.

आता डोस. हा ग्रीक 'दोसिस', म्हणजे देणं. आपल्या दान शब्दाचा सख्खा भाऊ. पण खोलीत चुकून लागलेले किरण कुणी 'दिलेले' नसतात. म्हणून मला मात्रा हा शब्द सरस वाटतो. धातू मा, मोजणे. वैद्य सहाणेवर उगाळून देतो तीही मात्रा. कॅन्सरवर रोज २ ग्रे असं आठवडेच्या आठवडे मोजून देतात, तिथेही तोच शब्द चपखल बसतो. ग्रे ही शोषलेली मात्रा. सीव्हर्ट या दुसऱ्या मापात किरणांचा जातिभेदही धरतात: काही किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणाऱ्या अल्फा कणांची इजा क्ष-किरणांच्या २० पट मानतात. जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. किरणांशी रोज काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त चालत नाही, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर जाता येत नाही.

तेव्हा त्या बॅजला मात्रामापक म्हणा, घरात बॅज म्हटलं तरी चालेल. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरण पडले की त्या ऊर्जा धरून ठेवतात, नंतर तापवल्या की उजळतात, आणि त्या उजेडावरून मात्रा काढतात. मुलीला एवढं जरूर सांगा, की तो बॅज नुसता मोजतो, किरण अडवत नाही. अडवायला शिशाचा एप्रन, आणि बॅज लावायचा तो त्याच्या आतून, छातीवर.