रोज बी-कॉम्प्लेक्सची गोळी घ्यावी का?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं म्हणून स्वतःच सुरू केलेली बी-कॉम्प्लेक्स पुढे चालू ठेवावी का, ती घेतल्यापासून लघवी पिवळीजर्द होते ते वाईट का, आणि ही 'बी' जीवनसत्त्वं शरीरात करतात तरी काय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही.

आधी लघवीचं निकालात काढू. तो रंग बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. ते मुळातच पिवळं असतं आणि शरीराला पुरून उरलं की लघवीवाटे बाहेर पडतं. घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळीतलं बरंचसं तुम्हाला नको होतं, एवढं त्यावरून कळतं.

आता 'ताकदीची गोळी' या नावाबद्दल. या गोळीत ताकद नसते. ताकद येते ती जेवणातल्या पिष्ट, स्निग्ध आणि प्रथिनांतून. त्यांचं ऊर्जेत रूपांतर करण्याचं काम एन्झाइम करतात आणि बहुतेक बी जीवनसत्त्वं त्यांच्या हाताखाली राबतात. गवंड्याला बिगारी मिळाला नाही तर काम अडतं हे खरं, पण दोन बिगारी पुरत असताना दहा आणून उभे केले म्हणून भिंत पाचपट वेगाने चढत नाही. कमतरता असेल तर गोळीने फरक पडतो, आणि तो चांगलाच जाणवतो. नसेल तर नाही.

एकूण आठ आहेत : बी-१, २, ३, ५, ६, ७, ९ आणि १२. मधले आकडे गाळलेले दिसतात, कारण त्या क्रमांकांचे पदार्थ पुढे जीवनसत्त्वं नाहीतच असं ठरलं. बरं-वाईट मिळून साधारण सगळं खाणाऱ्या माणसाला यांतल्या बहुतेकांची चिंता करायचं कारण नसतं. बी-५ची कमतरता तर क्वचितच दिसते. बी-१चा साठा मात्र जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. त्यामुळे भरपूर दारू पिणाऱ्यांत किंवा उलट्या थांबतच नाहीत अशा रुग्णांत ते झपाट्याने संपतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

खरा घोळ होतो तो बी-९ (फोलेट) आणि बी-१२मध्ये. पेशीला डीएनए तयार करायला दोन्ही लागतात. ती कमी पडली की पेशीचं विभाजन रखडतं आणि पेशी नुसती वाढत राहते. हे मायक्रोस्कोपखाली अक्षरशः दिसतं. रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशी मोठ्या आणि लंबगोल असतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात, ते इथे पाच-सहा मोजता येतात. अशी स्लाइड दिसली की बी-१२चा रिपोर्ट यायच्या आधीच अंदाज येतो. (फोलेटचा शोध मुंबईतून सुरू झाला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९२८पासून ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक इथल्या गिरणी कामगार गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने, म्हणजे चक्क मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट निघाला.)

बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतीत ते जवळपास नसतंच, म्हणून आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅमचा. म्हणजे आवक बंद झाली तरी काही वर्षं पत्ताच लागत नाही. शिवाय खाल्लेलं शोषलं जायला जठरातून स्रवणारं एक खास प्रथिन लागतं. वय वाढलं, जठराची शस्त्रक्रिया झाली, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असली, की आहार चांगला असूनही आकडा घसरू शकतो.

आणि इथेच अंदाजाने गोळ्या घेणं अंगाशी येतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (गोळीतलं बी-९) भरपूर घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बघून सगळे खूश, आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा हे त्याचे माग. उलट गर्भधारणा ठरवत असलेल्या स्त्रीला फॉलिक ॲसिड आधीपासूनच लागतं, कारण बाळाची मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

'उरलेलं लघवीतून जातं, मग जास्त घेतलं तर काय बिघडलं?' हेही ऊठसूट ऐकतो. बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसा बधिर होतात. आणि केसांसाठी म्हणून घेतात ते बायोटिन (बी-७) आमच्या मशीनला फसवतं. बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटं कमी आणि थायरॉइडची हार्मोन्स खोटी जास्त दिसू शकतात. थायरॉइड धडधाकट, आणि रिपोर्ट मात्र आजाराचा.

तुमच्या जागी मी असतो तर डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच, साखर आणि बी-१२ करून घेतलं असतं, कारण थकव्यामागे यांतलं काहीही असू शकतं. बी-१२ दर मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३००च्या मधे असेल तर डॉक्टर होमोसिस्टिनसारखी आणखी एखादी चाचणी सांगतात. सीबीसीत पेशींचा आकार नॉर्मल आला म्हणून बी-१२ ठीक असं मात्र समजू नका. लोहही कमी असेल तर एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी अगदी सभ्य येते.

तुमची गोळी आधीच सुरू आहे, त्यामुळे बी-१२चा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. रक्त देताना हे लॅबमध्ये सांगा आणि डॉक्टरांकडे गोळीचं पाकीटच घेऊन जा. बी-६ आणि बायोटिन किती आहे ते त्यावर छापलेलं असतं.