उत्तर आयर्लंडमधले 'निमलष्करी' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की उत्तर आयर्लंडवरच्या एका मराठी लेखात "निमलष्करी दलांनी शेकडो लोकांना मारलं" असं वाक्य आहे, तर ते ब्रिटिश सरकारनेच मारले असं समजायचं का, आणि पॅरामिलिटरीला दुसरा शब्द आहे का.

तसं समजू नका, पण तुमचा गैरसमज होणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे निमलष्करी म्हटलं की सीआरपीएफ, बीएसएफ डोळ्यासमोर येतं, म्हणजे वर्दीतली, पगारी, सरकारच्या हुकमातली माणसं. बेलफास्टमधे पॅरामिलिटरी म्हणजे बरोबर उलट, सरकारबाहेरच्या सशस्त्र संघटना: आयर्लंड एक व्हावं म्हणणारी आयआरए, आणि ब्रिटनमधेच राहायचं म्हणणाऱ्या लॉयलिस्ट यूव्हीएफ, यूडीए. सरकारी माणसं म्हणजे ब्रिटिश आर्मी, तिचीच स्थानिक रेजिमेंट यूडीआर आणि आरयूसी हे पोलीस. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत या संघर्षाच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं गेली, त्यातली साधारण ६० टक्के आयआरए आणि त्या बाजूच्या संघटनांनी मारली, ३० टक्के लॉयलिस्टांनी, १० टक्क्यांच्या आसपास सरकारी दलांनी. यावर आपला निमलष्करी शब्द ठेवला की वाचक जवळजवळ सगळंच सरकारच्या नावावर मांडतो. जानेवारी १९७६ मधे किंग्जमिल गावाजवळ आयआरएच्या माणसांनी कामावरून घरी चाललेल्या मजुरांची मिनीबस अडवून १० प्रोटेस्टंटांना गोळ्या घातल्या, त्यांचे मारेकरी या एका शब्दाने सरकारी होऊन बसतात, आणि हे मला फार लागतं. म्हणून सरळ "सशस्त्र संघटना" लिहा, आणि माहीत असेल तर नावच लिहा.

पण तेवढ्यानेही भागत नाही. ३१ जुलै १९७५ ची रात्र घ्या, मियामी शोबँड नावाचा बँड कार्यक्रम आटोपून डब्लिनला परत चाललाय, सीमेजवळच्या न्यूरी शहराच्या अलीकडे आर्मीची नाकाबंदी लागते, पोरं निमूट व्हॅनमधून उतरून उभी राहतात. नाकाबंदी खोटी होती. यूव्हीएफची माणसं व्हॅनमधे बॉम्ब ठेवत होती, तो हातातच फुटून त्यांचेच दोघे मेले आणि उरलेल्यांनी गोळ्या झाडून तीन कलाकारांना मारलं. अंगावर यूडीआरचा गणवेश होता, आणि त्यातले काही खरोखरच यूडीआरमधे नोकरीला होते! इथे नुसतं सशस्त्र संघटना लिहिलं तर वर्दी गायब होते.

सरकारी माणसं आणि मारेकरी यांच्या या हातमिळवणीला तिकडे जो शब्द वापरतात, कोल्यूजन, त्याला मराठीत संगनमतच. साटंलोटं नको, त्याला टेंडर आणि कमिशनचा वास येतो, खुनाला तो शब्द हलका पडतो. संगनमत आपल्या एफआयआरमधलाच शब्द आहे, "आरोपींनी आपसांत संगनमत करून". फक्त आपल्या संगनमतात सगळ्यांनी मिळून ठरवून केल्याचा अर्थ येतो, आणि तिकडचा अर्थ त्याहून पसरट आहे. पॅट फिन्युकेन हे बेलफास्टचे वकील, १९८९ मधे घरी बायकामुलांसोबत जेवताना यूडीएने त्यांना मारलं. यूडीएसाठी लोकांची माहिती जमवणारा ब्रायन नेल्सन आर्मीचाच एजंट होता. २००३ मधे ब्रिटिश पोलीस अधिकारी स्टीव्हन्स यांच्या चौकशीने संगनमत झाल्याचं म्हटलं, आणि त्यात नोंदी मुद्दाम न ठेवणं, पुरावे दाबून ठेवणं हेही धरलं. म्हणून अशा ठिकाणी नुसतं संगनमत लिहून थांबू नका, माहिती असून कानाडोळा केला, का मारेकऱ्यांना पाठीशी घातलं, का हत्यार पुरवलं, जे सिद्ध झालंय ते क्रियापद लिहा. यूडीएवर बंदी यायला १९९२ उजाडलं, म्हणजे तोवर तिला बेकायदा संघटना म्हणणंही चूक.

आणि ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात झालं त्याबद्दल लिहाल तेव्हा "चकमकीत ठार" अजिबात नको. मोर्चात आलेल्या नि:शस्त्र लोकांवर आर्मीने गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर गेला, आणि त्यांच्यापैकी कुणापासूनही सैनिकांना धोका नव्हता हे न्यायाधीश लॉर्ड सॅव्हिल यांच्या चौकशीने २०१० मधे सांगितलंय. तिथे कर्ता एकच आहे, ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक.