टीव्ही गेमचा लाल दिवा लागतो, पण चित्र येत नाही. घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावर नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम सापडला, एलिमिनेटर लावला की लाल दिवा लागतो पण पडद्यावर काही येत नाही. कोल्हापुरात दोन दुकानदारांनी हात लावायला नकार दिला. तर घरी जमेल का, आणि नव्या टीव्हीवर गेमच्या खेळण्यातल्या बंदुकीसकट चालेल का?

गेम बहुतेक चालेल. बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही.

सुट्टीत पेठांमध्ये तासावर भाड्यानं खेळायला मिळायचे ते बहुतेक डबे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ मशीन जपानात १९८३ साली आलं. त्यात वेगवेगळ्या चिप असतात. नकलेत बऱ्याचदा बोर्डावर एकच काळा, गोल, डांबरासारखा ठिपका दिसतो आणि सगळी करामत त्याच्याखाली असते. तो मेला तर विषय संपला, त्याला कुणी काही करू शकत नाही. पण तो सहसा मरत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या डब्यांत दोष निघाला तो वीज, पिना नाहीतर वायर यांतच.

म्हणून दिव्यावर विश्वास ठेवू नका. तो लाल दिवा दोनेक व्होल्टवरही पेटतो, चिपला मात्र पाच लागतात. दुकानदार दिवा बघून "पॉवर ओके आहे, आतलं गेलंय" म्हणतो आणि डबा परत देतो. तुम्ही साधा मल्टिमीटर घ्या. झाकण उघडा, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूनं आवळलेला तीन पायांचा काळा भाग शोधा, त्यावर ७८०५ लिहिलेलं असेल. अक्षरं तुमच्याकडे आणि पाय खाली असे धरले तर डावा पाय म्हणजे आत येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारे पाच व्होल्ट. काळी पिन मधल्या पायावर ठेवून बाकी दोन्ही मोजा. डावीकडे निदान सात व्होल्ट हवेत, उजवीकडे ४.८ ते ५.२. डावीकडेच कमी असतील तर एलिमिनेटर गेलाय. डावीकडे ठीक आणि उजवीकडे कमी, तर ७८०५ बदला, अगदी किरकोळ किमतीत मिळतो. नवा बसवूनही काही सेकंदांत बोट ठेववत नाही इतका तापला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. शेजारचा उभा, डब्यासारखा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसला तर तोही काढा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि पट्टी असलेली बाजू वजाकडे.

जुना जड एलिमिनेटर नऊचा असून मोकळा मोजल्यावर बारा-तेरा दाखवेल. घाबरू नका, ट्रान्सफॉर्मरवाले तसेच असतात. खरी भीती राउटरचा एलिमिनेटर लावण्याची आहे. त्यात मधली पिन सहसा अधिक असते, मूळ फॅमिकॉमला मधली वजा लागते, आणि नकलांचा काही नेम नाही. वीज न जोडता मल्टिमीटर बझरवर ठेवून बघा, सॉकेटचा कुठला भाग ७८०५ च्या मधल्या पायाशी वाजतो. तो वजा. (कुणी हौसेनं खरा जपानी फॅमिकॉम मागवला असेल तर त्याच्यासोबतचा एलिमिनेटर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या प्लगात तो घालायचा नाही.)

वीज बरोबर निघाली आणि पडद्यावर नुसता एकच करडा किंवा निळा रंग आला, तर आनंद माना. मशीन जिवंत आहे, कॅसेट टेकत नाहीय. आपण सगळे लहानपणी फुंकर मारायचो. त्या फुंकरीनं ओल आत जाते आणि पिना काळ्या पडतात. आपल्याकडचा पावसाळा त्यात भर घालतोच. कॅसेटच्या साठ पिना खोडरबरनं हलक्या पुसा, मग आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेल्या कापसानं. खोबणीत जुन्या कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, आयपीए लावून चार वेळा आत-बाहेर करा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेला डबा कुणाकडे असेल तर मात्र आधी वीज लावायचीच नाही: गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग आयपीए, मग पूर्ण वाळू द्यायचा, आणि मगच मल्टिमीटर.

टीव्हीला जोडताना अँटेनाच्या वायरीचा नाद सोडा. तुमच्या डब्याला पिवळा आणि लाल किंवा पांढरा सॉकेट (म्हणजे एव्ही) असेल तर थेट तेच वापरा. नव्या टीव्हीत एव्ही नसेल तर एव्ही टू एचडीएमआय डबी मिळते. तशीच दिसणारी उलटी डबीही मिळते, दुकानात नीट वाचून घ्या. डब्याला फक्त अँटेनाची वायर असेल तर आतल्या पत्र्याच्या डबीकडे जाणाऱ्या वायरींत चित्राची वायर असते, तिथून एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर लावून एव्ही बाहेर काढता येतं. हा एक बदल मी जरूर करायला सांगेन. सॉकेटला भोक पाडायचं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, कुणाही ओळखीच्या कारागिराकडं जा, पाच मिनिटांचं काम आहे आणि प्लास्टिक तडकत नाही. काही जण आतलं सगळं उपटून नवा छोटा कॉम्प्युटर बसवतात. ते खोकं जुनं आणि माल दुसराच, मला पटत नाही.

आता बंदूक. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग गेममधल्या पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र ओळीओळीनं, सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी, तिथल्या तिथे काढतो. एलसीडी चित्र आधी साठवून, थोडं उशिरा दाखवतो. तोवर गेमनं "नेम चुकला" ठरवलेलं असतं. बंदूक हवीच असेल तर भावकीत कुणाकडे तरी ट्यूबचा टीव्ही पडून असेल, तो आणा. फक्त तो उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्ट बसून राहतात. पुढं हौस वाढून जाडा प्लेस्टेशन २ हातात घेतलात तरी हेच लक्षात असू द्या, त्याच्या आतल्या सप्लायच्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात.

गेमच्या रिमोटचं एखादं बटण दाबून ऐकत नसेल तर रबराखालचा काळा ठिपका आणि बोर्ड आयपीएनं पुसा. सगळीच बटणं अधूनमधून चालत असतील तर बहुतेक वायर मानेजवळ तुटलीय, तेवढा तुकडा कापून पाचही तारा परत सोल्डर करा.

आज आधी एवढंच करा: ७८०५ च्या डाव्या आणि उजव्या पायावर किती व्होल्ट आले ते मोजून इथं लिहा, बोर्डाचा एक फोटोही टाका. मग पुढचं सांगतो.