नेटवर्क शिकायला सुरुवात करताय ना, मग हे आधी करून बघा

लॅन, मॅन, वॅन म्हणजे किती अंतरावर पसरलंय त्यावरून पडलेले नेटवर्कचे प्रकार, त्यांच्या व्याख्या आधी पाठ करू नकोस, परीक्षा झाली की सगळं विसरायला होतं. त्यापेक्षा विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघड आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाक. घरचं वायफाय असेल तर बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा तुझ्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल, आणि डिफॉल्ट गेटवेसमोर जो आहे तो तुझ्या राउटरचा. आता आधी त्या गेटवेला पिंग कर, म्हणजे ping लिहून पुढे तो पत्ता टाक, मग ८.८.८.८ ला (8.8.8.8, हा गुगलचा सर्व्हर) कर आणि उत्तर यायला लागलेले दोन्हीचे मिलिसेकंद शेजारी ठेवून बघ, पहिलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) घरातल्या घरात फिरून आलं म्हणजे लॅन, दुसरं राउटरमधून बाहेर पडून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातून गेलं म्हणजे वॅन, फरक डोळ्यांनी दिसतो. मॅन शहरभराचं, पॅन म्हणजे ब्लूटूथ हेडफोनवालं, एवढं पुरे.

पण अंतरावरून केलेले हे प्रकार म्हणजे वर्गीकरणाची एकच बाजू आहे हे लक्षात ठेव, जोडणी कशी आहे त्यावरून बस (सगळे एकाच वायरवर), रिंग (गोलाकार), स्टार (सगळे मधल्या एका डब्याला), मेश (एकमेकांना थेट) असे वेगळे प्रकार पडतात आणि काम कोण कोणाला देतं त्यावरून क्लायंट-सर्व्हर (एक मागतो, दुसरा पुरवतो) की पीअर-टू-पीअर (सगळे बरोबरीचे). इथे भले भले गडबडतात, हबला (कॉम्प्युटर एकत्र जोडणारा डबा) जोडलेले कॉम्प्युटर दिसायला स्टार असतात पण हब आलेला डेटा सगळ्यांनाच पाठवतो, म्हणजे वागणं बसचंच, तसाच दिसणारा स्विच मात्र मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) बघून ज्याचं त्याला देतो. हे नीट कळलं की लगेच सबनेट मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला हे सांगणारा आकडा) शिकायला घे, तो टाळू नकोस.